बातमी खरी कशावरून?

ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात एका वास्तूवरून बराच गदारोळ झाला. १९६४ साली सुरू झालेला आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नांदणारा वृत्तपत्रविद्येचा विभाग गणेशखिंडच्या आवारातील दुसऱ्या माध्यम-विभागात विलीन करण्याचा प्रस्ताव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पुढे आणला होता. आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर आले, विद्यार्थी संघटनांनी निवेदने दिली, वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले आणि अखेर तत्कालीन उच्च शिक्षणमंत्र्यांनी त्या निर्णयास स्थगिती दिली. मराठी पत्रसृष्टीत नाव कमावलेल्या अनेकांचे उमेदवारीचे दिवस त्या दगडी भिंतींच्या सावलीत गेलेले असल्याने हा जिव्हाळा स्वाभाविकच होता. परंतु त्या सगळ्या वादात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. विभाग कोठे असावा यावर सारे हिरिरीने बोलले. त्या विभागात, आणि तशाच अन्य डझनावारी अभ्यासक्रमांत, विद्यार्थी नेमके काय शिकून बाहेर पडतो यावर मात्र कोणी बोलले नाही.

आज पुण्यात पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची वाण नाही. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, सिंबायोसिस आहे, खासगी विद्यापीठे आहेत. प्रवेशासाठी येणाऱ्या तरुणांच्या डोळ्यांसमोर बहुधा झगमगता स्टुडिओ असतो. हातात वही घेऊन महापालिकेच्या जिन्यात ताटकळणारा वार्ताहर नसतो. त्यात त्यांचा दोष थोडा आणि त्यांना दाखविल्या गेलेल्या चित्राचा दोष अधिक. अभ्यासक्रमही त्या चित्राला शोभेलसाच झाला आहे. संज्ञापनाचे सिद्धान्त, पाश्चात्त्य विचारवंतांची नावे, कॅमेरा, संकलनाची सॉफ्टवेअर्स, समाजमाध्यमांवरील प्रसार हे सारे शिकवले जाते आणि त्यातले काही उपयोगाचेही असते. पण मार्शल मॅक्लुहानवर चार पाने लिहू शकणाऱ्या विद्यार्थ्याला महापालिकेच्या स्थायी समितीत किती सदस्य असतात असे विचारावे, तर तो खिशातला मोबाइल काढतो. (सोळा असतात. आणि शहराच्या तिजोरीची किल्ली त्या सोळा जणांच्या हाती असते, हे मोबाइल सांगत नाही.)

बातमीचे मूळ शास्त्र काही फार गहन नाही. कोण, काय, कधी, कोठे, का आणि कसे हे सहा प्रश्न पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिले जातात. जगभर ते असेच लिहिले जातात. मराठीने मात्र त्यांत सातवा प्रश्न घातला पाहिजे आणि तो पहिल्या सहांच्या आधी विचारला पाहिजे : कशावरून? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे, ओट्याओट्यावर आहे. दूधवाल्याने दर वाढल्याचे सांगितले तर आजी विचारते, कशावरून? पुणेकराला तर तो जन्मतःच येतो आणि त्यापायी त्याची थट्टाही होते. पण रोजच्या व्यवहारात इतका सहज असलेला हा प्रश्न, छापील अक्षरापाशी आणि पडद्यावरील चित्रापाशी आल्यावर आपण गिळून टाकतो. वार्ताहराचे शिक्षण म्हणजे हा गिळलेला प्रश्न पुन्हा ओठांवर आणणे होय.

तो न विचारल्याची किंमत मराठी पत्रकारितेने आपल्या उमेदीच्या काळातच मोजलेली आहे, आणि ती मोजणारी माणसे सामान्य नव्हती. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. वर्षही सरले नव्हते तोच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले. चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले गेले आहेत, त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी चर्चा होती. त्यातच बर्वे यांच्या नावची काही पत्रे पुढे आली. तरुण संपादकांनी त्यांच्या आधारे घणाघाती लेखन केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी चूक उमगताच क्षमा मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, हे सर्वांना ठाऊक असते. खटला चालू असताना जोतीराव फुले यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मतभेद असूनही संकटात धावून जाण्याची ती रीत आजच्या पिढीने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

या प्रकरणाचा खरा बोध पुढच्या घटनेत आहे. डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला, तो त्यांच्या देखरेखीवर असलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत. म्हणजे महाराजांच्या जिवाविषयी पुण्यातील तरुण संपादकांना वाटलेली काळजी अनाठायी नव्हती. तक्रार खरी होती. कागद खोटा होता. आणि खोट्या कागदाने खऱ्या तक्रारीचे असे नुकसान केले, की दीड वर्षाने ती खरी ठरली तेव्हा बोलण्याचा अधिकार दुबळा झालेला होता. राष्ट्रकार्याच्या आवेशात असलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग उशाशी ठेवावा. आपली बाजू न्याय्य आहे एवढ्यानेच आपल्या हाती आलेला कागद खरा ठरत नाही. उलट, ज्याची बाजू न्याय्य त्याने कागद दुप्पट तपासला पाहिजे, कारण त्याला गमावण्यासारखे अधिक असते. पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हे प्रकरण पहिल्या आठवड्यात, त्यातील कागदपत्रांसह शिकवले जावे. लोकमान्यांच्या चरित्रात ते त्यागाचा अध्याय म्हणून येते. वृत्तपत्रविद्येच्या वर्गात ते चुकीचा अध्याय म्हणून यायला हवे, आणि तसे आल्याने लोकमान्यांची उंची तसूभरही कमी होत नाही.

महाभारतात याहून जुना दाखला आहे. अश्वत्थामा मारला गेल्याची वार्ता द्रोणाचार्यांच्या कानी आली तेव्हा त्यांनी ती तशीच मानली नाही. त्यांनी पडताळणी केली. आणि तीही कोणाकडे, तर कधीही असत्य न बोलणाऱ्या धर्मराजाकडे. नियमाप्रमाणे सारे काही बरोबर झाले, तरी घात झाला. सूत्र विश्वासार्ह होते, पण ते सूत्र युद्धातील एका पक्षाचे होते, आणि द्रोणांनी दुसऱ्या कोणालाही विचारले नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण आपण अर्धसत्य सांगणाऱ्यावर वापरतो. ती एकाच ठिकाणी विचारून थांबणाऱ्यावरही तितकीच लागू पडते.

आता अलीकडचे पाहू. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालविणारा अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संतापाची लाट उसळली. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा प्रकार उघड झाला. हे सारे बाहेर आले ते मंडळाचा आदेश मिळवून वाचणाऱ्या, पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात रात्री-अपरात्री खेटे घालणाऱ्या वार्ताहरांमुळे. त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण त्याच दिवसांत एका मुलाची उद्दाम गाण्याची चित्रफीत ‘आरोपी जामिनावर सुटल्यानंतर गाताना’ अशा मथळ्याने फिरली, आणि ती केवळ मोबाइलवर नव्हे, वृत्तवाहिन्यांवरही दाखवली गेली. ती त्या मुलाची नव्हती. दुसऱ्याच कोणाची होती. संताप न्याय्य होता. चित्रफीत खोटी होती. कोल्हापूर प्रकरणाला एकशे चाळीस वर्षे उलटून गेल्यावर, त्याच पुण्याच्या नावावर पुन्हा तेच घडले. फरक इतकाच की टिळक-आगरकरांनी क्षमा मागितली होती.

या एका घटनेत वार्ताहराला लागणारे किती ज्ञान दडलेले आहे, पाहा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचे नाव देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला मात्र जुनीच कलमे लागतात. गुन्हा दाखल होणे, अटक होणे, आरोपपत्र सादर होणे, आरोप निश्चित होणे आणि दोषी ठरणे या पाच स्वतंत्र पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसाला पाचव्या पायरीवर उभे करणारा मथळा दररोज कोठे ना कोठे छापला जातो. संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तीन शब्द समानार्थी नाहीत, एवढे जरी विद्यार्थ्याच्या मनावर वर्षभरात ठसले, तरी त्या वर्षाचे शुल्क वसूल झाले असे म्हणता येईल.

राष्ट्रीय विचारांच्या लोकांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांनी तो सोसलेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये मालेगावात स्फोट झाला, अटका झाल्या आणि न्यायालयात साक्षीपुरावा उभा राहण्यापूर्वीच एका रंगाला, एका परंपरेला दहशतवादाचे विशेषण चिकटवले गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. मधली जवळपास सतरा वर्षे कोणत्या संपादकाने परत केली? ज्यांनी २००८ मध्ये पहिल्या पानावर निकाल दिले होते, त्यांना न्यायालयाच्या निकालासाठी तेवढीच जागा द्यावीशी वाटली का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु ते विचारणाऱ्याने दुसरीही तारीख लक्षात ठेवावी. त्याच मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या स्फोटांप्रकरणी आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. त्यांच्या बाबतीतही वाहिन्यांनी खटल्यापूर्वीच निकाल लावलेला होता. वार्ताहराचा नियम माणूस पाहून बदलत असेल तर तो नियम उरत नाही. आणि दोन्ही स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांच्या पदरी आजही उत्तर पडलेले नाही, हीही बातमीच आहे. तिचा पाठपुरावा कोणी करावा?

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे आणि त्याकडे वर्गांत सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मराठीत एखादा माणूस ‘म्हणाला’ असे लिहिता येते, ‘दावा केला’ असे लिहिता येते, ‘कबूल केले’, ‘कांगावा केला’, ‘स्पष्ट केले’ असेही लिहिता येते. बोलणारा तोच, वाक्य तेच. पण प्रत्येक क्रियापदात लिहिणाऱ्याचा निवाडा बसलेला असतो. एकाचे म्हणणे नेहमी ‘स्पष्ट केले’ आणि दुसऱ्याचे नेहमी ‘दावा केला’ असे छापणारे वृत्तपत्र अग्रलेख न लिहिताही आपली बाजू मांडत असते. दुसरे दुखणे कर्ता दडविणाऱ्या वाक्यांचे. ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’, ‘सूत्रांनी सांगितले’, ‘नाराजी व्यक्त होत आहे’. कोणाला समजते? कोण बोलतो? कोणाची नाराजी, आणि ती वार्ताहराच्या स्वतःच्या मनातलीच नव्हे कशावरून? जुन्या उपसंपादकांचा लाल पेन अशा वाक्यांवर प्रथम फिरत असे. आज उपसंपादकाच्या टेबलाचे महत्त्वच ओसरले आहे आणि वार्ताहराची बातमी मोबाइलवरून थेट वाचकाच्या मोबाइलवर जाते. तेव्हा तो लाल पेन विद्यार्थ्याच्या डोक्यातच बसवून द्यावा लागेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीला महापौर, हुतात्मा, दिग्दर्शक असे शब्द दिले ते भाषेने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी शब्दाला शब्द जोडून उतरविणारी आजची वाक्ये वाचली की त्या श्रमांचे आपण काय केले, असा प्रश्न पडतो.

येथवर दोष इतरांचे झाले. आता थोडे आपल्या अंगणात पाहणे भाग आहे.

प्रसारमाध्यमे हिंदू समाजावर अन्याय करतात, ही तक्रार गेली अनेक दशके केली जाते आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्या अन्यायाला उत्तर म्हणून आपण काय करतो? सकाळी उठल्यावर आलेला संदेश, त्याच्या तळाशी ‘हे माध्यमे दाखवणार नाहीत’ असे लिहिलेले पाहून, दहा गटांत पुढे पाठवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली. त्या परिसरातही अशाच अफवा दिवसचे दिवस फिरत होत्या. साधूंच्या हत्येने सारा समाज हळहळला आणि पेटून उठला, ते योग्यच झाले. पण राईनपाड्याचे ते पाचजणही नवनाथांच्या परंपरेतील, आपलेच धर्मबंधू होते, आणि त्यांना मारणाऱ्या अफवेला पुढे ढकलणारे हात कोणत्या एका पंथाचे, पक्षाचे नव्हते. ‘कशावरून?’ हा एक शब्द पहिल्या दहा जणांनी उच्चारला असता, तर ती पाच माणसे कदाचित संध्याकाळी पालावर परतली असती.

ज्या घरांत आणीबाणीच्या आठवणी आहेत त्यांना हे सहज पटेल. जून १९७५ मध्ये प्रसिद्धिपूर्व नियंत्रण लादले गेले. बाळासाहेब देवरस यांच्यासह असंख्य स्वयंसेवक येरवड्यात होते. बाहेर सायक्लोस्टाइलवर निघणारी पत्रके हाच बातमीचा आधार होता. अशा पत्रकात पकडलेल्या एखाद्याचे नाव चुकीचे पडले असते तर एका घरात विनाकारण आकांत झाला असता, आणि एखादा आकडा फुगवलेला सापडला असता तर सरकारने साऱ्या पत्रकालाच खोटे ठरवले असते. ज्यांनी रात्री जागून ती छापली आणि वाटली, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नातवाने पुढे पाठवण्यापूर्वी एकदा त्यांना विचारावे की हातात आलेल्या चिठ्ठीतले काय छापायचे आणि काय नाही, हे ते कसे ठरवीत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांतील किती मुले वार्ताहर होतात? अभियंते होतात, सनदी लेखापाल होतात, पुण्याच्या विमानतळावरून मोठ्या कौतुकाने परदेशी रवाना होतात. घरातल्या मुलीने वा मुलाने बारावीनंतर ‘मला बातमीदारी करायची आहे’ म्हटले की आई-वडिलांचा चेहरा उतरतो. मग त्या क्षेत्रात ज्यांची मुले गेली त्यांच्याच दृष्टीने समाजाचे चित्र उमटले, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? वेतन तुटपुंजे आहे, कामाला वेळकाळ नाही, हे खरे. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती तर याहून बिकट : तोच बातमीदार, तोच जाहिरात गोळा करणारा आणि पुष्कळदा तोच अंकाचा विक्रेता. ज्याच्याकडून दिवाळी अंकाची जाहिरात घ्यायची, त्याच्याच कारखान्यातील थकलेल्या ऊसबिलाची बातमी त्याने कोणत्या बळावर लिहावी? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत स्पर्धक दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचला, तो काही आकाशातून पडला नव्हता. नारद जयंतीला पत्रकारांचे सत्कार होतात, ते व्हावेतच. पण एखाद्या होतकरू वार्ताहराला वर्षभर जिल्ह्यात फिरता येईल एवढी शिष्यवृत्ती देणारे दाते आपल्या समाजात नाहीत का? वसतिगृहे उभारणारे, रक्तपेढ्या चालविणारे हात या कामी अजून पुढे आलेले नाहीत.

पुण्याजवळ अनुकरणासाठी घरचेच नमुने आहेत. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील वृत्तपत्रे जवळून पाहून परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी ‘सकाळ’ काढला. त्या काळची मराठी पत्रे मुख्यतः मतपत्रे होती. संपादकाचे विचार वाचण्यासाठी ती घेतली जात. परुळेकरांनी मंडईतील भाव, शाळेचा निकाल, नळाचे पाणी हा वृत्तपत्राचा विषय केला आणि गावोगाव बातमीदार नेमले. त्यांच्या मतांशी ज्यांचे पटले नाही त्यांनीही त्यांचा अंक घेतला. त्याही आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने केलेले काम पाहावे. लोकमान्यांनी सरकारच्याच फॅमिन कोडचे, म्हणजे दुष्काळनिवारणाच्या नियमांचे, मराठी रूपांतर लोकांपुढे ठेवले. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते ते घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. सारासूट कधी मिळते, काम कधी काढावे लागते हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळले. कोल्हापूर प्रकरणानंतरचे हे टिळक आहेत. आता त्यांच्या हाती असलेला कागद सरकारच्याच छापखान्यातला होता. तो खोटा म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

आजचे फॅमिन कोड म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार. त्याच्या कलम ४ ने कार्यालयांनी आपणहून माहिती मांडावी असे सांगितले आहे. कार्यालयातील अभिलेख नागरिकांना पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत रुजली, आणि दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात तसे अवलोकन खुले ठेवण्याचा आदेश राज्य शासनाने २०१८ मध्ये काढला. पत्रकारितेच्या किती वर्गांनी सोमवारची दुपार त्यासाठी राखून ठेवली? एका खड्ड्याच्या निविदेची नस्ती उलगडून पाहावी : अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, देयक. तीन सोमवार गेले की विद्यार्थ्याला शहर कसे चालते हे जेवढे कळेल, तेवढे तीन सत्रांच्या व्याख्यानांनी कळणार नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकांकडेच होता. त्या काळात शिकून बाहेर पडलेल्या तुकड्यांनी मुख्य सभा चालताना पाहिलीच नाही. पूर्वीचे वार्ताहर त्या सभेच्या सज्जात बसून शिकत. कोण कशावर गप्प राहिला याची नोंद तेथेच होत असे, आणि ती इतिवृत्तात सापडत नाही.

एक आक्षेप हल्ली हमखास घेतला जातो. कृत्रिम बुद्धिमत्ता आता बातमी लिहून देते, मग वार्ताहर शिकवायचा कशाला? प्रसिद्धिपत्रकाची बातमी करणे यंत्राला जमते, हे खरे. पुष्कळ वार्ताहर इतकी वर्षे तेवढेच करीत होते, हेही खरे. पण यंत्र शिवाजीनगरच्या न्यायालयात जाऊन पुढची तारीख का पडली ते विचारत नाही. ते मार्केट यार्डात पहाटे उभे राहून कांद्याची आवक मोजत नाही. जे पायी जाऊन आणावे लागते तेवढेच यापुढे वार्ताहराचे उरणार आहे.

त्या पायी जाण्याचा प्रारंभ कोठून करावा, हे शोधण्यासाठी रानडे इन्स्टिट्यूटला फार दूर जावे लागत नाही. आषाढी वारीच्या दिवसांत, महाविद्यालये नुकतीच उघडत असताना, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्यावरूनच पुण्यात येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. दरवर्षी वृत्तपत्रे ‘लाखो वारकरी’ असे छापतात. किती लाख, आणि ते कोणी मोजले? रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात. दिंडीत विणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया यांची मोजदाद करता येते. दिंडीचालकाकडे नावांची वही असते. नव्या तुकडीतील वीस मुलांना वीस दिंड्या वाटून द्याव्यात. मुक्कामाच्या दोन दिवसांत त्यांनी मोजावे, वहीशी ताडून पाहावे आणि तिसऱ्या दिवशी माउलींच्या सोहळ्यासोबत हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालावे. चालताना शेजारच्या वारकऱ्याचे नाव, गाव, वय, तालुका विचारावा. पेरणी उरकून आला की पावसाची वाट पाहत तशीच टाकून आला, घरी कोण आहे, कितवी वारी, हे विचारावे. नावाचे ऱ्हस्व-दीर्घ त्याच्याकडूनच तपासून घ्यावे. आणि सासवडच्या तळावर पोहोचल्यावर, पाय ठणकत असतानाच, त्याच संध्याकाळी तीनशे शब्दांत लिहून शिक्षकाच्या हाती द्यावे. शिक्षकानेही तोवर चालत आलेले असावे.